सूक्ष्मजीवनिदर्शक वसाम्ले, दुधातील

सूक्ष्मजीवनिदर्शक वसाम्ले, दुधातील : गाय, म्हैस, मेंढी, शेळी इ. रवंथ करणाऱ्या (रोमंथी) प्राण्यांच्या पहिल्या जठरात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या पेशींत तयार होणारी आणि पचनानंतर रक्तावाटे कासेत पोहोचून दुधाच्या स्निग्धांशात उतरणारी विशिष्ट वसाम्ले. यांपैकी बहुतेकांच्या रेणूत कार्बन अणूंची संख्या विषम (मुख्यतः १५ किंवा १७) असते किंवा कार्बन शृंखलेच्या टोकाजवळ एक लहान शाखा असते. गायीच्या दुधातील एकूण वसाम्लांत त्यांचा वाटा सु. ४ ते ५ टक्के एवढाच असतो. तथापि चाऱ्यातील वनस्पतींत ही अम्ले अत्यल्प असतात व प्राण्याच्या ऊतकांतही ती मर्यादित प्रमाणातच तयार होतात. त्यामुळे दुधात ती आढळणे हे सूक्ष्मजीवांच्या कार्याचे चिन्ह मानले जाते. जनावराला इजा न करता केवळ दुधाच्या नमुन्यावरून त्याच्या पोटात काय चालले आहे हे किती खात्रीने सांगता येते, हा या विषयाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

कोठीपोट व त्यातील सूक्ष्मजीव : रोमंथी प्राण्याचे जठर चार कप्प्यांचे असते. पशुपालक व पशुवैद्य त्यांना अनुक्रमे कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट व खरे पोट अशी नावे देतात. पूर्ण वाढ झालेल्या गायीच्या कोठीपोटात १०० लिटरहून अधिक द्रव व चारा मावतो. तेथील तापमान सु. ३९° से. असून ऑक्सिजन जवळजवळ नसतो. अशा स्थितीत दर मिलिलिटर द्रवात एक हजार कोटी किंवा त्याहून अधिक सूक्ष्मजंतू आणि एक लाख ते दहा लाख प्रजीव (एकपेशीय प्राणी) असू शकतात. त्यांखेरीज मिथेन वायू निर्माण करणारे आर्किया गटातील सूक्ष्मजीव व ऑक्सिजनविना जगणारी कवकेही तेथे असतात.

गायीजवळ स्वतःचे असे सेल्युलोज पचविणारे एंझाइम नसते. कडबा, गवत व इतर वैरणीतील तंतू सूक्ष्मजीव विघटित करतात आणि त्यांच्या किण्वनातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही बाष्पनशील वसाम्ले तयार होतात. ती कोठीपोटाच्या भित्तीतून शोषली जातात व गायीच्या ऊर्जेची गरज बहुतांशी त्यांतून भागते. पुढे सूक्ष्मजीवही द्रवाबरोबर खऱ्या पोटात व आतड्यात वाहत जातात आणि तेथे पचविले जातात. गायीला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा भाग या पचलेल्या सूक्ष्मजीवांतून येतो. त्यांच्या पेशीपटलांतील वसाम्लेही याच वेळी मोकळी होतात व लसीका आणि रक्त यांच्या मार्गे कासेपर्यंत जातात. सूक्ष्मजीवांची खूण दुधात उतरते ती या मार्गाने.

प्रारंभीचे संशोधन : कोठीपोटातील प्रजीवांचे पहिले वर्णन डाव्हिड ग्रूबी व ओनेझीम दलाफाँ यांनी १८४३ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध केले. त्यांचे प्राण्याच्या पोषणातील कार्य मात्र दीर्घकाळ अस्पष्ट राहिले. १८८४ मध्ये टापायनर या जर्मन शास्त्रज्ञांनी सेल्युलोजाच्या किण्वनातून बाष्पनशील अम्ले निर्माण होतात, असे दाखविले. ही अम्ले प्राण्याला उपयोगी पडतात की वाया जातात, याचा उलगडा होण्यास आणखी साठ वर्षे लागली. जोसेफ बारक्रॉफ्ट, मॅकअनॅली व फिलिपसन यांनी केंब्रिज येथे मेंढ्यांवर केलेले प्रयोग १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. कोठीपोटाकडून येणाऱ्या रक्तात ही अम्ले मोठ्या प्रमाणात असतात, असे त्यांत आढळून आले.

कोठीपोटातील द्रव्य वारंवार तपासता यावे यासाठी जनावराच्या डाव्या कुशीवर शस्त्रक्रिया करून कायमचे छिद्र ठेवण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात शाल्क व अमॅडन यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासामुळे या पद्धतीस चालना मिळाली. छिद्रात झाकण असलेली नळी बसविली म्हणजे जनावर वर्षानुवर्षे जगते व दूधही देते. परंतु अशी शस्त्रक्रिया संशोधन केंद्रातील मोजक्या जनावरांवरच करता येते. गोठ्यातील शेकडो गायींना ती लागू पडत नाही. दुधातील निदर्शकांचा शोध घेण्यामागे ही व्यावहारिक अडचण होती.

ऑक्सिजनविना वाढणारे सूक्ष्मजंतू प्रयोगशाळेत वेगळे करण्याचे तंत्र रॉबर्ट हंगेट (१९०६–२००४) या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी विकसित केले. काचेच्या नळीच्या आतील पृष्ठावर पोषक माध्यमाचा पातळ थर पसरवून, आत ऑक्सिजनरहित वायू भरून ते सूक्ष्मजंतू वाढवीत. सेल्युलोज पचविणाऱ्या अनेक जाती या तंत्रामुळे शुद्ध स्वरूपात मिळाल्या. त्यांचा कोठीपोट व त्यातील सूक्ष्मजीव या विषयावरील ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला व पुढील पिढीसाठी तो आधारभूत ठरला.

विषम कार्बनी अम्लांचा शोध : वसारसायनशास्त्राचा पाया मिशेल यूझेन शेव्हरल (१७८६–१८८९) या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी घातला. त्यांचा प्राणिज वसांवरील ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोण्यातील ब्युटिरिक अम्लाचे वर्णन त्यात आहे. शेव्हरल यांनी चरबीतून मिळालेल्या, मोत्यासारखी चमक असणाऱ्या एका पदार्थाला ‘मार्गारिक अम्ल’ असे नाव दिले होते. पुढे हाइंट्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असे दाखविले की, हे स्वतंत्र अम्ल नसून पामिटिक (१६ कार्बन) व स्टिअरिक (१८ कार्बन) या दोन अम्लांचे मिश्रण आहे. मार्गारिक हे नाव नंतर १७ कार्बनांच्या अम्लाला देण्यात आले. ‘मार्गारीन’ हा शब्दही त्याच मुळापासून आला आहे.

या प्रकरणाचा परिणाम दूरगामी झाला. नैसर्गिक वसांत फक्त सम कार्बनी, सरळ शृंखलेचीच अम्ले असतात, हे मत पाठ्यपुस्तकांत दृढ झाले. सजीवांत ही शृंखला दोन-दोन कार्बनांच्या एककांनी वाढते, हे ज्ञात झाल्यावर त्या मताला सैद्धांतिक आधारही मिळाला. एखाद्या वसेत १७ कार्बनी अम्ल आढळल्याचे कोणी नोंदविले, तर ते मिश्रण असावे असा संशय घेतला जाई. शेव्हरल यांच्या बाबतीत तो संशय योग्य होता. परंतु तोच नियम सर्वत्र लावल्यामुळे अल्प प्रमाणात खरोखर असलेल्या अम्लांकडे जवळजवळ शंभर वर्षे दुर्लक्ष झाले.

या मताला पहिला मोठा धक्का लोकरीतील मेणामुळे बसला. वाइट्‌कँप यांनी १९४५ मध्ये त्या मेणातून शाखायुक्त अम्लांच्या दोन मालिका वेगळ्या केल्या. एका मालिकेत शाखा शेवटून दुसऱ्या कार्बनवर असते (आयसो मालिका), तर दुसरीत ती शेवटून तिसऱ्या कार्बनवर असते (अँटिआयसो मालिका). यानंतर न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथील प्रयोगशाळेत आर्. पी. हॅन्सन व एफ्. बी. शॉर्लंड यांनी लोण्यातील अम्लांचा चिकाटीने शोध घेतला. मोठ्या प्रमाणावर लोणी घेऊन त्यातील अम्लांच्या एस्टरांचे पुनःपुन्हा अंशात्मक ऊर्ध्वपातन करणे व उरलेला अंश स्फटिकरूपात शुद्ध करणे, अशी ही कष्टाची पद्धत होती. १९५१–५२ मध्ये त्यांनी लोण्यात शाखायुक्त १५ व १७ कार्बनी अम्ले असल्याचे सिद्ध केले. त्याच दशकात १५ व १७ कार्बनांची सरळ शृंखलेची अम्लेही रोमंथी प्राण्यांच्या वसांत आढळून आली.

मोठ्या प्रमाणावरील ऊर्ध्वपातनाची गरज लवकरच संपली. लंडनमधील मिल हिल येथे ए. टी. जेम्स व ए. जे. पी. मार्टिन यांनी १९५२ मध्ये वायु-द्रव वर्णलेखनाची पद्धत प्रसिद्ध केली. तिचा पहिला उपयोग बाष्पनशील वसाम्ले वेगळी करण्यासाठीच करण्यात आला होता. १९५६ मध्ये त्यांनी ती १८ कार्बनांपर्यंतच्या अम्लांच्या मिथिल एस्टरांना लावून दाखविली. त्यानंतर काही थेंब वसेतूनही डझनावारी अम्ले मोजता येऊ लागली. आज गायीच्या दुधात सु. ४०० निरनिराळ्या वसाम्लांची नोंद झालेली आहे.

उगमाचा उलगडा : ही अम्ले दुधात कोठून येतात, याचे उत्तर दोन स्वतंत्र दिशांनी मिळाले. पहिली दिशा सूक्ष्मजंतूंच्या पोषणाची होती. अमेरिकेत मेरिलँड राज्यातील बेल्ट्सव्हिल येथे एम्. पी. ब्रायंट व त्यांचे सहकारी कोठीपोटातील सूक्ष्मजंतू शुद्ध माध्यमात वाढवीत होते. सेल्युलोज पचविणाऱ्या काही जातींची वाढ कोठीपोटातील द्रव मिसळल्याशिवाय होत नसे. त्या द्रवातील आवश्यक घटक म्हणजे आयसोब्युटिरिक, आयसोव्हॅलेरिक व २-मिथिल ब्युटिरिक ही लहान शाखायुक्त अम्ले होत, असे आढळून आले. ॲलिसन, ब्रायंट व डोएट्श यांनी रूमिनोकॉकस या गोलाणूंविषयीचा हा निष्कर्ष १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. कोठीपोटात ही अम्ले प्रथिनांतील व्हॅलीन, ल्यूसीन व आयसोल्यूसीन या अमिनो अम्लांच्या विघटनाने तयार होतात.

दुसरी दिशा दूधरसायनाची होती. मेरिलँडमधील मार्क कीनी यांनी कॅट्झ व ॲलिसन यांच्यासह १९६२ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. दुधातील काही वसाम्लांचा उगम बहुधा कोठीपोटातील सूक्ष्मजीवांच्या वसेत आहे, असे त्यात प्रतिपादिले होते. सूक्ष्मजीवांच्या वसेत व दुधात हीच विषम व शाखायुक्त अम्ले आढळतात, हा त्यांच्या युक्तिवादाचा आधार होता.

या अम्लांच्या रचनेचे रहस्य शृंखलेच्या पहिल्या दुव्यात आहे. सामान्यतः दोन कार्बनांच्या ॲसिटिल गटापासून सुरुवात होऊन शृंखला दोन-दोन कार्बनांनी वाढते व सम कार्बनी अम्ल तयार होते. सुरुवात तीन कार्बनांच्या प्रोपिऑनिक अम्लापासून झाली, तर १५ किंवा १७ कार्बनांचे सरळ अम्ल मिळते. व्हॅलिनापासून आलेल्या आयसोब्युटिरिक अम्लाने सुरुवात झाल्यास १४ व १६ कार्बनांची आयसो अम्ले, ल्यूसिनापासून आलेल्या आयसोव्हॅलेरिक अम्लाने झाल्यास १५ व १७ कार्बनांची आयसो अम्ले आणि आयसोल्यूसिनापासून आलेल्या २-मिथिल ब्युटिरिक अम्लाने झाल्यास १५ व १७ कार्बनांची अँटिआयसो अम्ले तयार होतात. बॅसिलस वंशातील सूक्ष्मजंतूंवर तोशी कानेडा यांनी १९६३ पासून केलेल्या संशोधनामुळे ही यंत्रणा स्पष्ट झाली. शाखेमुळे अम्लाचा वितळबिंदू उतरतो व पेशीपटल प्रवाही राहते. प्राणी व वनस्पती यांत जे कार्य असंतृप्त अम्ले करतात, तेच अनेक सूक्ष्मजंतूंत शाखायुक्त अम्ले करतात.

निदर्शकांची गरज : दुभत्या जनावराला चाऱ्यातून किती प्रथिन द्यावे, हे ठरविण्यासाठी दररोज किती सूक्ष्मजीव कोठीपोटातून आतड्यात जातात, हे जाणणे आवश्यक असते. आतड्यात पोहोचणाऱ्या मिश्रणात चाऱ्याचे प्रथिन व सूक्ष्मजीवांचे प्रथिन एकत्र असल्यामुळे फक्त सूक्ष्मजीवांतच असणारा एखादा पदार्थ मोजावा लागतो. ऑस्ट्रेलियातील वेलर, ग्रे व पिलग्रिम यांनी १९५८ मध्ये यासाठी डायअमिनोपायमेलिक अम्लाचा उपयोग केला. हे अम्ल सूक्ष्मजंतूंच्या पेशीभित्तीत असते. परंतु प्रजीवांत ते नसते, सर्व सूक्ष्मजंतूंत त्याचे प्रमाण सारखे नसते व मृत पेशींच्या अवशेषांतही ते टिकून राहते.

प्रजीवांसाठी वेगळा पदार्थ हवा होता. जपानमधील होरिगुची व कांदात्सू यांनी १९५९ मध्ये कोठीपोटातील प्रजीवांतून २-अमिनोएथिल फॉस्फॉनिक अम्ल वेगळे केले. कार्बन व फॉस्फरस यांच्यात थेट बंध असलेला हा निसर्गात सापडलेला पहिलाच पदार्थ होय. प्रजीवांचे निदर्शक म्हणून त्याच्याकडे मोठ्या आशेने पाहण्यात आले. नंतर सूक्ष्मजंतूंच्या अंशातही तो आढळल्यामुळे ती आशा फारशी फळास आली नाही. न्यूक्लिइक अम्ले व त्यांतील प्यूरिने हीही निदर्शके म्हणून वापरात आली. प्यूरिनांपासून बनलेले ॲलँटॉइन मूत्रात उत्सर्जित होत असल्याने त्याचे मापन आजही केले जाते. दुधातील वसाम्लांचा विचार या पार्श्वभूमीवर पुढे आला. दूध रोज दोनदा मिळते, त्यासाठी वेगळा खटाटोप करावा लागत नाही आणि नमुना प्रत्येक गायीचा स्वतंत्र असतो.

वसाम्ले व सूक्ष्मजीवांचे गट : मिनातो, इशिबाशी व हामाओका या जपानी शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये कोठीपोटातील प्रातिनिधिक सूक्ष्मजंतूंच्या वसाम्लांची तुलनात्मक माहिती प्रसिद्ध केली. तीवरून व नंतरच्या अभ्यासांवरून पुढील ढोबळ चित्र तयार झाले : सेल्युलोज पचविणाऱ्या गटात, विशेषतः रूमिनोकॉकस वंशात, आयसो अम्लांचे प्रमाण अधिक असते. स्टार्च व शर्करा यांवर जगणाऱ्या काही गटांत १५ कार्बनी सरळ अम्ल व अँटिआयसो अम्ल यांचे प्रमाण अधिक असते. प्रेव्होटेला वंशात अँटिआयसो १५ कार्बनी अम्ल ठळकपणे दिसते. प्रजीवांत विषम व शाखायुक्त अम्ले कमी असून असंतृप्त अम्ले तुलनेने जास्त असतात.

मिथेनजनक सूक्ष्मजीवांच्या बाबतीत ही पद्धत प्रत्यक्षपणे लागू पडत नाही. कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये आर्किया हा सजीवांचा वेगळा गट असल्याचे दाखविले. या गटाच्या पेशीपटलांत वसाम्लांचे एस्टर नसून आयसोप्रीन एककांपासून बनलेल्या शृंखलांचे ईथर असतात. म्हणून गायीच्या मिथेन उत्सर्जनाचा दुधातील वसाम्लांवरून बांधलेला अंदाज नेहमी अप्रत्यक्ष असतो. किण्वनात ॲसिटिक अम्ल जास्त बनले तर हायड्रोजन व पर्यायाने मिथेन जास्त, प्रोपिऑनिक अम्ल जास्त बनले तर मिथेन कमी, या संबंधावर तो आधारलेला असतो.

चाऱ्यातील असंतृप्त अम्लांवर कोठीपोटात होणारी प्रक्रियाही दुधात खुणा सोडते. रेमंड राइझर यांनी १९५१ मध्ये कोठीपोटातील द्रव्यात लिनोलेनिक अम्लाचे हायड्रोजनीकरण होते, असे दाखविले. शॉर्लंड, वीनिंक व जॉन्स यांनी १९५५ मध्ये त्याला दुजोरा दिला. हिरव्या गवतातील वसा असंतृप्त असूनही लोणी व चरबी घट्ट का असतात, याचे कारण त्यामुळे कळले. या प्रक्रियेतील मधल्या अवस्थांची ट्रान्स अम्ले दुधात उतरतात. खुराकात धान्य वाढवून वैरण कमी केली, तर ही प्रक्रिया वेगळ्या वाटेने जाते व १०व्या कार्बनवर ट्रान्स बंध असलेली अम्ले वाढतात. त्यांपैकी एक संयुग्मी लिनोलेइक अम्ल दुधातील स्निग्धांश घटविते, हे बॉमगार्ड व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात २००० साली प्रयोगाने सिद्ध केले. चाऱ्यामुळे स्निग्धांश घटतो ही गोष्ट फ्रान्समधील बूसँगो यांनी १८४५ मध्येच नोंदविली होती.

दुधावरून निदान : विसाव्या शतकाच्या अखेरीस या माहितीचा उपयोग दुभत्या गायींच्या तपासणीसाठी करण्याचे प्रयत्न सुरू झाले. बेल्जियममधील गेंट विद्यापीठातील व्हेर्ले फीव्हेझ, ब्रूनो व्ह्‌लामिंक व त्यांचे सहकारी यांचे काम या बाबतीत महत्त्वाचे आहे. पोर्तुगीज व ब्रिटिश संशोधकांसह त्यांनी २००६ मध्ये दुधातील विषम व शाखायुक्त अम्लांवर परिणाम करणाऱ्या घटकांचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला; २०१२ मध्ये त्यास पुरवणी जोडली. खुराकात वैरणीचे प्रमाण वाढविले असता दुधातील १४ व १५ कार्बनी आयसो अम्ले वाढतात आणि स्टार्चयुक्त धान्य वाढविले असता ती घटून सरळ १५ कार्बनी अम्ल वाढते, असे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे.

याचा सर्वांत निकडीचा उपयोग कोठीपोटातील आम्लतेच्या निदानासाठी आहे. जास्त दुधाच्या हव्यासाने धान्याचा खुराक एकदम वाढविला, तर किण्वन वेगाने होऊन आम्लता वाढते. तीव्र स्वरूपात जनावर दगावू शकते. सौम्य स्वरूपात बाह्य लक्षणे फारशी दिसत नाहीत. भूक मंदावते, दुधातील स्निग्धांश घटतो, पुढे खुरांचे विकार व यकृतात गळवे होतात. कोठीपोटातील पीएच मूल्य प्रत्यक्ष मोजण्यासाठी सुईने द्रव काढावा लागतो किंवा तोंडावाटे नळी घालावी लागते. गेंट येथील कोलमन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये असे दाखविले की, आयसो अम्लांची घट आणि १५ कार्बनी सरळ अम्ल व ट्रान्स अम्ले यांची वाढ एकत्रितपणे पाहिल्यास अशा गायी दुधावरून ओळखण्यास मदत होते.

मर्यादा : दुधातील वसाम्ले ही सूक्ष्मजीवांची प्रत्यक्ष गणना नव्हे. सूक्ष्मजीव व दूध यांच्यामध्ये गायीचे शरीर असते व तेही या अम्लांत भर घालते किंवा बदल करते. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे गार्टन, हॉव्हेल व डंकन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन या संदर्भात उद्‌बोधक आहे. भरपूर बार्ली खाणाऱ्या कोकरांची चरबी मऊ होते व तीत विषम आणि शाखायुक्त अम्ले वाढतात, याचे कारण ते शोधीत होते. कोठीपोटात प्रोपिऑनिक अम्ल जास्त तयार झाल्याने यकृताची ते वापरण्याची क्षमता अपुरी पडते व उरलेले अम्ल प्राण्याच्या ऊतकांतच वसाम्ले बनविण्यासाठी वापरले जाते, असे आढळून आले. म्हणजेच ही अम्ले सूक्ष्मजीवांच्या पेशींतून आलेली नव्हती.

दुधाच्या बाबतीतही असेच आहे. सरळ १५ व १७ कार्बनी अम्लांचा काही भाग कासेतच प्रोपिऑनिक अम्लापासून बनतो. १५ कार्बनी आयसो व अँटिआयसो अम्लांत दोन कार्बनांची भर पडून त्यांची १७ कार्बनी अम्ले बनतात व सरळ १७ कार्बनी अम्लाचा काही अंश कासेत असंतृप्त होतो. आतड्यात पोहोचणाऱ्या अम्लांची व दुधात निघणाऱ्या अम्लांची तुलना करणाऱ्या प्रयोगांतून हे स्पष्ट झाले. व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत गाय शरीरातील चरबी वापरते. तेव्हा दुधात १८ कार्बनी अम्लांची भर पडून इतरांचे टक्केवारीतील प्रमाण आपोआप घटते. शिवाय एकाच जातीच्या सूक्ष्मजंतूच्या निरनिराळ्या वाणांत व वाढीच्या निरनिराळ्या अवस्थांत वसाम्लांचे प्रमाण बदलते.

शाखा असलेले प्रत्येक अम्ल सूक्ष्मजीवाच्या पेशीतून आलेले असते, असेही नाही. हॅन्सन व शॉर्लंड यांना लोण्यात अनेक शाखांचे २० कार्बनी अम्लही सापडले होते. ते फायटॅनिक अम्ल असून त्याचे मूळ हरितद्रव्यातील फायटॉल या घटकात आहे, हे पुढे निश्चित झाले. कोठीपोटातील सूक्ष्मजीव हरितद्रव्यातून फायटॉल मोकळे करतात, पण अम्लाचा सांगाडा मात्र पानातून येतो. त्यामुळे हे अम्ल सूक्ष्मजीवांच्या संख्येपेक्षा हिरव्या चाऱ्याची साक्ष देते.

निदर्शकाचा अर्थ संदर्भ सोडून लावल्यास काय होऊ शकते, याचे परिचित उदाहरण भारतातील तुपाच्या परीक्षेत आढळते. पाच ग्रॅम तुपातील पाण्यात विरघळणाऱ्या बाष्पनशील अम्लांचे प्रमाण रायखर्ट-माइस्ल मूल्याने व्यक्त करतात. हे मूल्य कमी भरल्यास तुपात वनस्पती तेल किंवा अन्य वसा मिसळल्याचा संशय घेतला जाई. परंतु कापूस पिकविणाऱ्या प्रदेशांत जनावरांना सरकी मोठ्या प्रमाणात खाऊ घालतात. सरकीतील तेलामुळे दुधातील दीर्घ शृंखलेच्या अम्लांचा वाटा वाढून लहान अम्लांचा घटतो व तेथील निर्भेळ तुपाचे मूल्यही कमी भरते. एकच मर्यादा सर्वत्र लावली असती, तर प्रामाणिक उत्पादक भेसळीच्या आरोपास पात्र ठरला असता. म्हणून अन्न भेसळ प्रतिबंधक नियम, १९५५ यांतील तुपाच्या मानकांत महाराष्ट्रासह काही राज्यांच्या कापूसपट्ट्यांसाठी वेगळ्या मर्यादा ठेवण्यात आल्या होत्या. जनावराने काय खाल्ले हे माहीत असल्याशिवाय दुधातील वसाम्लांचा निर्णायक अर्थ लावता येत नाही, हे तत्त्व कायद्यानेच मान्य केले होते.

अलीकडील प्रगती : स्वीडनमध्ये १९९८–९९ च्या सुमारास माणसाच्या चरबीतील व रक्तातील १५ कार्बनी अम्लाचे प्रमाण हे दुग्धजन्य पदार्थांच्या सेवनाचे निदर्शक म्हणून वापरण्यात आले. गायीच्या पोटातील सूक्ष्मजीवांची खूण अशा रीतीने माणसाच्या शरीरापर्यंत माग काढता येण्याजोगी ठरली. तेथेही प्रोपिऑनिक अम्लापासून मानवी शरीरात होणाऱ्या निर्मितीचा विचार करावा लागतो.

वर्णलेखनाला लागणारा वेळ व खर्च यांमुळे रोजच्या तपासणीत ही पद्धत अवघड पडते. बेल्जियममधील झांब्लू येथील सोयर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अवरक्त किरणांच्या वर्णपटावरून दुधातील वसाम्लांचे प्रमाण अजमावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. विपुल असलेल्या अम्लांसाठी ती चांगली उपयोगी पडते. अल्प प्रमाणातील शाखायुक्त अम्लांच्या बाबतीत तिची अचूकता कमी आहे. दुसरीकडे, हंगेट यांच्या नावाने चालविलेल्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात २०१८ पर्यंत कोठीपोटातील सूक्ष्मजीवांच्या ५०१ जीनोमांचा संग्रह सिद्ध झाला. कोठीपोटात कोण राहते, याचे उत्तर जीनोमांवरून अधिक नेमके मिळते. पण ते मिळविण्यासाठी कोठीपोटातील नमुना घ्यावाच लागतो आणि उपस्थित असलेला सूक्ष्मजीव प्रत्यक्षात किती कार्य करतो, हे त्यावरून लगेच कळत नाही.

दुधातील वसाम्लांचे स्थान यामुळे निश्चित झाले आहे. एका अम्लावरून एका जातीची संख्या सांगण्याचा प्रारंभीचा उद्देश मागे पडला असून, अनेक अम्लांच्या परस्पर प्रमाणांवरून किण्वनाचा कल ओळखणे व एकाच गायीत कालांतराने होणारे बदल लक्षात घेणे, यांसाठी त्यांचा उपयोग होतो. खुराकाची नोंद, वेताचा टप्पा व जनावराची प्रकृती यांची जोड दिल्यास दुधाची चाचणी आजार बळावण्यापूर्वी इशारा देऊ शकते.